तांब्यातलं मँगेनीज

डिसेंबर लागला की आमच्या रस्त्याकडेला बांबू उभे राहतात. दोन बांबूंच्या मधे पांढरा दोरा ताणतात, एकाखाली एक अशा ओळी, आणि दुपारपर्यंत त्यावर गुलाबी, जांभळा, पोपटी रंग चढलेला असतो. उत्तराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांसाठी मांजा सुतायचा हा महिना. लोक कौतुकानं थांबतात, बोटानं धार बघतात, बोट कापून घेतात आणि वर हसतात. मी रस्ता ओलांडते. पलीकडे गटार उघडं आहे, तिकडून कुणी शहाणं माणूस चालत नाही, पण हा महिनाभर मी तिकडूनच भाजीला जाते. आमचा भाजीवाला म्हणतो, "मावशी, इकडून या ना, एखाद दिवस पडशाल." पडण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. मी त्याच्याकडून मेथी घेते आणि घरी येते.

सुरतेच्या हिवाळ्याचं लोकांना फार कौतुक. आपल्याकडे ज्याला हुरडा म्हणतात त्याला इथे पोंक म्हणतात. तो आला की तापीच्या काठी तंबू लागतात, हिरवे कोवळे दाणे, त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव, सोबत ताक. हवा कोरडी आणि गोड होते. मागांची खडखड थंडीत जास्त स्वच्छ ऐकू येते. हे सगळं मलाही आवडायचं. मी काही जन्मतः आंबट नव्हते. बांगलादेशच्या लढाईनंतरचा जो हिवाळा आला, खिडक्यांना ब्लॅकआउटसाठी चिकटवलेले काळे कागद काही घरांतून अजून निघाले नव्हते, त्या हिवाळ्यापासून मला पोंक घशाखाली उतरत नाही. काळे कागद मात्र आमच्या खोलीचे मी स्वतः नखांनी खरवडून काढले होते, अपशकुनी दिसतात म्हणून. काढून काही उपयोग झाला नाही.

आम्ही दोंडाईच्याकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या जन्माआधीच सुरतेला मागावर आले. उधन्याला रेल्वेच्या रुळांपलीकडे खोल्यांची एक ओळ होती, सगळी खानदेशी घरं, त्यातली एक आमची. घरात आबा, माय, माझा थोरला भाऊ युवराज आणि मी. घरात अहिराणी, दाराबाहेर गुजराती, कॉलेजात इंग्रजी. एका दिवसात तीन वेळा जीभ बदलायची आणि त्याचं काही वाटायचं नाही. ओळीतल्या पोरी सातवीनंतर साड्यांना टिकल्या लावायला बसायच्या. मी एम.एस्सी.ला होते, आणि ती भाऊची जिद्द होती. कुणी विचारलं की सांगायचा, "ती भौतिकशास्त्र शिकस." ते काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण शब्द सबंध उच्चारायचा, मधे श्वास न घेता.

भाऊ भेस्तानच्या वाटेवरच्या एका खात्यात कामाला होता. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. इतर खात्यांत कापड निघायचं, या खात्यात पावडर निघायची. पंचमहालातून ट्रक भरून काळा दगड यायचा, लोखंडी पिंपात गोळ्यांबरोबर गरगर फिरवून त्याचं पीठ करायचं, चाळायचं, गोणीत भरायचं. ते पीठ बॅटरीच्या सेलमध्ये जायचं, काचवाल्यांकडे जायचं. भाऊ चाळणीवर होता. संध्याकाळी घरी आला की फक्त डोळ्यांचं पांढरं आणि दात दिसत. मोरीतलं पाणी काळं, नाक शिंकरलं की काळं, उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढं काळं. माय तो अभ्रा वेगळा धुवायची आणि कुरकुर करायची, त्यापलीकडे त्या काळ्याचा कुणी विचार केला नाही. दगड होता तो, आणि त्याला नाव असतं हे ओळीत कुणाला माहीत नव्हतं. दगडाचं नाव मँगेनीज. मला माहीत होतं.

त्या खात्यात भाऊ टिकून राहिला याचं कारण जागा. मागावर आबांसारखी जुनी माणसंसुद्धा बदलीवर असायची, आज काम आहे, उद्या नाही. पावडरच्या खात्यात जागा कायम होती. आमच्या लोकांत जागेला शेताचा मान. गावी बांध, इथे जागा. बापाची मुलाला जाते, भावाची भावाला. कुणी आजारी पडला, गावी गेला, की त्यानं आपल्याच घरचा माणूस तिथे उभा करून जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहिलेला असतो. जागा घरात ठेवणं हे इतकं सरळ, इतकं शहाणपणाचं होतं की त्यावर कुणी कधी वाद घातला नव्हता. मुली सासरी जाताना रडायच्या, पण जागा घराबाहेर गेली तर बाप्ये रडत.

भाऊचं हसू सांगायला हवं. गंमत सांगायच्या आधीच तो हसायला लागायचा आणि मग गंमत राहूनच जायची. त्याचं हसणं ऐकून शेजारच्या खोलीतली म्हातारी कारण न कळता हसायची. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे दोस्त रेल्वेच्या फाटकाजवळ बांबू रोवून मांजा सुतायचे, स्वतःसाठी आणि ओळीतल्या पोरांसाठी. भात, रंग आणि काचेची पूड यांची लगदी मुठीत धरून दोऱ्यावरून हात फिरवत जायचं. बाकीचे टोकाला पोचून वळायचे. भाऊ वळत नसे. दोऱ्यावरची मूठ न सोडता तसाच मागे मागे चालत यायचा, रस्त्याकडे पाठ, तोंडानं बडबड चालू, आणि पाय बरोब्बर बांबूशी थांबायचे. त्याला ती ऐट होती. मला त्याच्या त्या ऐटीचा अभिमान होता, हे आता सांगून टाकते.

माझ्या कामाचंही सांगते, कारण दोन्ही एकाच हिवाळ्यात घडलं. मी देसाईसरांच्या हाताखाली प्रबंध करत होते. तांब्यात मँगेनीज मिसळायचं, एवढंच वरकरणी काम. तांब्याचे तुकडे आणि मँगेनीजचे करडे पापुद्रे क्वार्ट्झच्या नळीत घालायचे, आतली हवा ओढून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, आणि भट्टीत आतलं सगळं एकजीव झालं की नळी चिमट्यानं उचलून थेट पाण्यात. सावकाश निवू दिलं तर अणू आपापल्या सोयीनं सरकतात. असं एकदम विझवलं तर जो जिथे असेल तिथेच राहतो. मग त्या गोळ्याला थंड करायचं, इतकं थंड की आपल्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटावी. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागायचा, आणि सुरतेत आम्हाला तो एकाच ठिकाणी मिळायचा, जिथे जातिवंत वळूंचं वीर्य गोठवून ठेवत त्या गुरांच्या केंद्रात. सर रिक्षातून डबा मांडीवर घेऊन यायचे. स्टाफरूममध्ये त्यांना विचारत, आज बैलांनी काही शिल्लक ठेवलं की नाही. सर शांतपणे म्हणायचे, बैल माणसांपेक्षा उदार असतात.

मँगेनीजचा एकेक अणू म्हणजे एकेक लहानसा चुंबक. लोखंडातले असले चुंबक थंड झाले की एका दिशेला तोंड करून उभे राहतात, म्हणून लोखंडाचा चुंबक होतो. काही धातूंत एक वर, एक खाली असे शिस्तीत उभे राहतात. तांब्यात विखुरलेल्या मँगेनीजला यातलं काहीच जमत नाही. कुणी कुणापासून किती अंतरावर पडला आहे याचा नियम नसतो, आणि त्या अंतरावर सगळं ठरतं. एक शेजारी म्हणतो माझ्यासारखा उभा राहा, दुसरा म्हणतो माझ्या उलट. लग्नाच्या पंगतीत रुसलेल्या बायका जशा, हिच्या शेजारी बसेन पण तिच्या समोर बसणार नाही, आणि शेवटी सगळ्या उभ्याच. कितीही वेळ दिला तरी सगळ्यांचं समाधान होईल अशी मांडणी निघत नाही. आणि वरून थंडी वाढत असते. मग एका ठरावीक थंडीला ते सगळेच्या सगळे, जो ज्या दिशेला असेल त्या दिशेला, गोठतात.

"आ लोखंड नथी, बेन," सर म्हणाले होते, "काच जेवुं छे." काचेसारखं. काचेचे अणूही असेच, घाईत थिजलेले, रांग न लावता. तेव्हा जगात थोड्याच लोकांनी या गोष्टीकडे पाहिलं होतं. आता ऐकते की या काचेच्या गणिताला जगातलं मोठं बक्षीस मिळालं, मेंदूला लावतात ते गणित, बाजाराला लावतात. लावत असतील. मी त्यानंतर आयुष्यभर पोरांना प्रकाशशास्त्र शिकवलं. लोलक, भिंग, स्वच्छ गोष्टी.

त्या हिवाळ्याच्या तोंडी भाऊ हसेनासा झाला. आधी आम्हाला वाटलं दमतो. मग वाटलं रागावलाय. चेहऱ्यावर काही उमटतच नसे. जेवण आवडलं का, नाही आवडलं, कळायचं नाही. डोळे मिचकवायचेसुद्धा कमी झाले. ओळीतली माणसं म्हणायला लागली, कायम जागा मिळाली तर युवराज बोलत नाही आता. मायला ते लागलं. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आते हासत बी नही तू. कसाना इतला गर्व शे रे तुले?" भाऊ तिच्याकडे बघत राहिला. काही तरी बोलला, पण आवाज इतका खाली गेला होता की तव्यावरच्या भाकरीच्या फुगण्यातही तो ऐकू आला नाही.

मग चाल बदलली. टाच टेकेना, चवड्यांवर, कोंबडं चालतं तसा चालायचा, हात अंगाला चिकटलेले. आणि कधी तरी, काही कारण नसताना, एकटाच हसायचा. ते हसणं पहिल्यासारखं नव्हतं. म्हातारी शेजारीण ते ऐकून दार लावून घ्यायची. आमच्या घरानं याचा जो अर्थ लावला तो आमचंच घर लावू शकतं. मायनं त्याला कानबाईच्या फोटोसमोर बसवलं. "दारू पेस का तू? कानबाईनी आन घे." ज्या माणसानं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं त्यानं मुकाट्यानं नारळावर हात ठेवला आणि आता पिणार नाही अशी शपथ घेतली. मायचं मन निवलं. तिनं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. भाऊचा हात खोबरं घेताना थरथरत होता. शपथेचा परिणाम, असं आबा म्हणाले.

त्याच आठवड्यात फाटकाजवळ मांजा सुतायला तो गेला. मी कॉलेजातून येत होते. लांबून मला त्याची पाठ दिसली. तो टोकाला पोचला होता, मूठ दोऱ्यावर, आणि नेहमीसारखा मागे यायला निघाला. एक पाऊल, दुसरं पाऊल, मग पाऊल मागे गेलंच नाही आणि अंग मात्र आलं. झाड पडावं तसा सबंध उताणा पडला. हात टेकायला पुढे आले नाहीत की मागे गेले नाहीत. दोरा मुठीतच होता, त्यानं तळवा उभा चिरला. गुलाबी लगदीत रक्त कुठलं आणि रंग कुठला कळेना. सायकलवरून जाणारा एकजण म्हणाला, "पीधेलो लागे छे," प्यायलेला दिसतोय. दोस्त हसले. भाऊ आभाळाकडे बघत पडला होता आणि चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. मी इतकी भ्याले की रडायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत मँगेनीजचा तुकडा कानशीनं घासत होते. सर आत आले आणि त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली. "मोढे कपडुं बांधो, बेन. एनी रज सारी नहीं." तोंडाला फडकं बांध, याची धूळ चांगली नाही. मी विचारलं, काय करते ही धूळ? सरांना नीट माहीत नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलेलं. रसायनशास्त्राच्या लायब्ररीत कामगारांच्या आजारांवरचा जाड ग्रंथ होता, तो बघ म्हणाले. मी उभ्यानंच वाचला. खाणीतल्या, गिरणीतल्या माणसांचं वर्णन होतं. चेहरा मुखवट्यासारखा होतो. आवाज खाली जातो. विनाकारण हसू येतं. चवड्यांवर चालतात. मागे चालता येत नाही, मागे पडतात. कुणा अनोळखी डॉक्टरनं कुठल्या तरी लांबच्या देशात बसून माझ्या भावाची चाल लिहून ठेवली होती. पुढे असंही होतं की लवकर बाहेर काढलं तर माणूस सावरू शकतो, उशीर झाला तर धुळीपासून दूर नेऊनही उतार पडेलच असं नाही. लवकर म्हणजे किती लवकर, ते लिहिलेलं नव्हतं.

घरी येऊन मी चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "भाऊ, ते काम सोडी दे." आणि जे वाचलं ते सगळं सांगितलं. आबा जेवत होते. त्यांनी घास गिळला. "दगडनी धूळ मानूसले काय करस? आम्ही जल्मभर धूळच खादी." मी पुन्हा सांगितलं, ही धूळ वेगळी, ही मेंदूत जाऊन बसते. आबा रागावले नाहीत, ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मंग खासूत काय? जागा एकदाव सुटनी का सुटनी." मी भाऊकडे वळले. तो खाली बघत होता. मग त्या सपाट आवाजात तोही तेच म्हणाला, "जागा गयी ते परत भेटत नही." मी भाऊला हट्टानं खात्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "कमजोरी है. ताकत की सुई लगा देते हैं." सुई लावली. भाऊ संध्याकाळच्या पाळीला गेला.

तो सगळा पौष मी दोन ठिकाणी काढला. सकाळी प्रयोगशाळेत, दुपारी दारात भाऊची वाट बघत. प्रयोगशाळेत आम्ही आता एक नवा प्रयोग करत होतो. गोळा थंड करताना त्याच्याभोवती चुंबकाचं बळ ठेवायचं, पुरता गोठला की ते काढून टाकायचं. लोकांना वाटेल, बळ गेलं की सगळं पूर्ववत होईल. होत नाही. त्या बळाचा काही अंश आत अडकून राहतो. भिंतीवर गॅल्व्हॅनोमीटरचा प्रकाशाचा ठिपका सरकायचा, मी नोंदवायचे, थांबायचे, पुन्हा बघायचे. ठिपका किंचित मागे यायचा. अगदी किंचित. पुन्हा थांबायचं, पुन्हा किंचित. मूळ जागी मात्र यायचा नाही. सर उत्साहात होते. मला उपमा आवडत नाहीत, धातूला दुखत नाही, धातूला बहीण नसते. पण त्या अंधाऱ्या खोलीत ठिपक्याकडे बघताना माझ्या मनात एकच विचार असायचा, की भाऊला धुळीतून आज काढलं तर आज, उद्या काढलं तर उद्या, प्रत्येक पाळीगणिक काही तरी आत अडकतंय. गोळा तापवला की सगळं पुसलं जातं, पुन्हा नव्यानं सुरुवात करता येते. माणसाला तापवता येत नाही.

उत्तराणीला सगळी सुरत छपरांवर होती. दिवसभर "काप्यो" अशा आरोळ्या. आभाळ इतकं भरलेलं की उन्हाला जागा नव्हती. भाऊला आम्ही पत्र्यावर नेलं, पाण्याच्या टाकीला टेकवून बसवलं. त्याच्या हातात कुणी तरी फिरकी दिली. पतंग वर गेला, दोरा सुटायला लागला, फिरकी फिरेना. बोटं उघडत नव्हती. दोरा तटकन तुटला आणि पतंग कुणाच्या तरी दुसऱ्या छपरावर गेला. मी खाली उतरून आले आणि मोरीत तोंड धुऊन घेतलं. वरून हसण्याचा आवाज येत होता. त्यात भाऊचा होता की नाही हे ऐकायचं मी टाळलं.

भाऊ त्यानंतर बरीच वर्षं होता. ते सगळ्यांना माहीत आहे, भेस्तानला माझ्याकडेच होता. त्याला मी भरवलं, नाहू घातलं, त्याच्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरून त्याला काय हवं ते ओळखायला शिकले. त्या वर्षांबद्दल मला काही तक्रार नाही. माझी भीती सगळी त्या एका हिवाळ्यात खर्च झाली. आता मांज्याचे बांबू दिसले की तिचा उरलासुरला भाग वर येतो, इतकंच.

होळीच्या सुमारास खात्यानंच त्याला घरी बसवलं. चाळणी त्याच्या हातून दोनदा पडली होती. मुकादम स्वतः आला, चांगला माणूस, ओट्यावर बसून चहा प्याला. म्हणाला, युवराजकडून आता होणार नाही, पण तुमचा हक्क आहे, सोमवारी घरचा माणूस उभा करा, जागा तुमचीच. आबांनी त्याचे हात हातात घेतले. कितीतरी दिवसांनी त्यांना आनंद झालेला मी पाहिला. त्याच दिवशी गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी मोठ्या काकांकडे निरोप धाडला की गुलाबला पाठवा.

गुलाब म्हणजे माझा चुलतभाऊ. विशीतला, उंच, हसतमुख. त्या साली खानदेशात पाऊस पडलाच नव्हता. विहिरी आटल्या, गुरं विकली, सगळं गाव दुष्काळी कामावर रस्त्याकडेला खडी फोडत होतं. पॅसेंजरनं तो आला तेव्हा त्याच्या हातांना फोड होते आणि पिशवीत आमच्यासाठी, माय जिची नेहमी आठवण काढायची, ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर होती. रात्री तो असा जेवला की मायनं स्वतःची भाकरी त्याच्या ताटात सरकवली. मी त्याला खात्याचं सगळं सांगितलं, भाऊकडे बोट दाखवून सांगितलं. तो ऐकून घेत होता, मोठ्या बहिणीचं ऐकावं तसं. मग आबांकडे बघून म्हणाला, "गावले बी दगडच फोडत व्हतू काका. आठे बी दगडच शे ना?" आणि हसला. हसणं आमच्या घराण्याचंच होतं, भाऊसारखं, बोलण्याच्या आधी येणारं.

मी आबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले. म्हणाले, एक गेला, दुसरा देता? आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय त्याना दुश्मन शे का?" ते म्हणाले. गावी भावाच्या घरी चूल पेटत नव्हती, हे खरं होतं. ती जागा नसती तर गुलाबला पुन्हा खडीवर जावं लागणार, हेही खरं होतं. मला दुसरी जागा दाखवता येत नव्हती. माझ्याकडे एक ग्रंथ होता आणि भिंतीवरचा एक ठिपका. भाऊ कोपऱ्यात बसून होता. कुणी त्याला विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून सगळे समजत की आत कुणी नाही.

सोमवार उजाडला. मायनं गुलाबला डबा भरून दिला, भाऊचाच डबा. आबा त्याला खात्यापर्यंत पोचवायला निघाले होते. पहिला भोंगा होऊन गेला होता. दुसऱ्या भोंग्याला खात्याचं फाटक बंद व्हायचं, मग जो आत असेल त्याची जागा, आणि फाटकाशी रोज माणसं उभी असतच. भाऊ उठला. मला वाटलं मोरीकडे निघालाय. तो बारीक बारीक पावलं टाकत दाराशी गेला, वळला, आणि दोन्ही बाजूंची चौकट धरून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. दार एकच होतं आमचं.

त्या दिवसांत तो दारात नेहमीच अडकायचा. उंबरा आला की पाय जमिनीला चिकटत. मायनं त्यावर एक युक्ती शोधून काढली होती, त्याच्या पायांपुढे लाटणं आडवं ठेवायचं, मग ते ओलांडायला म्हणून पाऊल उचललं जायचं. तिनं धावत लाटणं आणलं, ठेवलं. "पाय उचल, राजा." भाऊनं लाटण्याकडे पाहिलं. पाऊल उचललं नाही. "बाजूले व्हय रे, युवराज," आबा म्हणाले, आधी मऊपणे, मग घाबरून, "उशीर व्हई ऱ्हायना." ढकलायची सोय नव्हती. त्याच्या मागे तीन दगडी पायऱ्या होत्या, नुसता हात लावला तरी तो उताणा जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते त्यालाही माहीत होतं. गुलाब डबा हातात घेऊन त्याच्या अगदी समोर उभा होता. भाऊचे ओठ हलले. सगळे गप्प झाले म्हणून ऐकू आलं.

"जाऊ नको, गुलाब."

आबा खाली बसले. दुसरा भोंगा झाला. तो लांबलचक वाजायचा, रुळांपलीकडून, सगळी ओळ ओलांडून जायचा. भाऊ चौकट धरून उभा. कपाळावर घाम, चेहरा तसाच. भोंगा थांबला. मग त्यानं चौकट सोडली, आणि हळूहळू, कुणाच्या मदतीवाचून, लाटणं ओलांडून आत आला. गुलाबच्या हातातला डबा घेऊन त्यानं तो चुलीशेजारी ठेवला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. माय त्याच्याजवळ जाऊन बसली, तिनं पदरानं त्याचा घाम पुसला आणि कितीतरी महिन्यांनी त्याला नावानं हाक मारली.

दुपारी मुकादमाचा निरोप आला की फाटकाशी उभ्या असलेल्यांतला एकजण आत घेतला, जागा भरली. तो कुणाच्या घरचा, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.